सरकारी यंत्राचं झबलं

माझ्या विसरभोळ्या धाकटीस थोरलीकडून पोटभर आशीर्वाद आणि एक हलकीशी चापटी.

चापटी कशाची, ते आधी सांगते. गेल्या महिन्यात तुझं पाकीट आलं. पत्ता बरोबर, तिकीट बरोबर, कोपऱ्यावर तुझा तो नेहमीचा मधाचा डागही बरोबर. उघडलं तर आत काही नाही. उलटं करून झटकलं, उजेडाला धरलं, तुझ्या दाजींनी चिमटा घालून आत चाचपलं. पत्र तुझ्याकडेच राहिलं, बाई! थोरलीला अक्षर येत नाही, तिला कोरं पाठवलं तरी खपेल, असं तुझ्या मनात आलं असेल तर ध्यानात ठेव, माझे डोळे अडाणी असतील पण कान शिकलेले आहेत. ते रिकामं पाकीट मी तीनदा वाचून घेतलं. तक्रार एक नाही, गुडघ्याचं रडगाणं नाही, भाच्याच्या बायकोची चुगली नाही. तुझ्या आजवरच्या पत्रांत मला हेच सगळ्यात आवडलं.

तर तू कशी आहेस? गुडघा वाकतो का? मागच्या दाराची ती निसरडी पायरी कोणी नीट केली, की अजून एखाद्या पाहुण्याच्या पडण्याची वाट बघताय? तुझ्या मधवाल्यांना त्यांच्या मधमाश्या अजून डसतात की एवढ्या वर्षांत ओळख झाली? (आणि तुमच्या बाहेरच्या खोलीतलं ते पुरुषभर उंचीचं घड्याळ, ते ठोके बरोबर देतं ना? दर आठव्या दिवशी चावी दिली जाते का? उत्तर टाळू नये. लंबकाच्या कप्प्यात जुन्या पिशव्या कोंबण्याची सवय सुटली असेल अशी आशा आहे.) बघितलंस? माणसांची चौकशी मी केली, घड्याळाची यांनी.

हो, सांगायचं राहिलं. हे पत्र तुझे दाजी लिहिताहेत. एरवी सून लिहिते, पण तिच्याबद्दलच बरंच सांगायचं आहे आणि तिच्या तोंडावर तिचं कौतुक केलं तर पेन खाली ठेवून ती चहा करायला उठून जाते. म्हणून यांना बसवलं. माझी अट एकच, मी बोलेन तसं उतरवायचं, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. त्यांचीही अट एकच, मी जिथे खोटं बोलेन तिथे ते कंस काढून खरं लिहिणार. तेव्हा कंसात जे दिसेल ते सगळं त्यांचं. (मान्य.)

आमच्याकडे सगळे ठीक. मुलगा जहाजावर, स्वयंपाकघरात. म्हणजे आईच्या हाताखाली कधी कांदा चिरला नाही तो आता दोनशे माणसांना जेवू घालतो. नात तिसरीत. सून आरोग्य खात्यात, पायाला भिंगरी. मी आहे तशी आहे. आणि तुझ्या दाजींना थोडा खोकला आहे. (खोकला नाही. मी घसा साफ करतो.) बरं, घसा साफ करतात. गेलं वर्षभर करताहेत. एवढ्यात एखादी विहीर साफ झाली असती.

आमची जागा तुला आठवत नसेल म्हणून सांगते. खाली रस्त्याला लागून यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर तिसऱ्या मजल्यावर घर. मध्ये तीन जिने. पूर्वी दुपारच्या जेवणाला हे दुकानातून निघाले की मी ताट वाढायच्या आत दारात हजर असायचे. हल्ली पहिल्या जिन्यावर थांबतात, खिशातलं घड्याळ काढतात आणि त्याला चावी देतात. कर्रकर्र, कर्रकर्र. दुसऱ्या जिन्यावर शिंपीण राहते, तिच्या दाराशी पुन्हा थांबतात, पुन्हा कर्रकर्र. शिंपीण मला म्हणाली, काकू, काकांचं घड्याळ फारच खादाड झालंय हो, दिवसातून सहा वेळा चावी खातं. त्या घड्याळाला चोवीस तासांत एकदा चावी पुरते, हे घड्याळजीच्या बायकोला माहीत नसेल तर कोणाला असेल? मी वर दार उघडून उभी राहते आणि ऐकते. (जुन्या घड्याळांना जास्त चावी लागते.) जुन्या माणसांनाही लागते, पण ती द्यायची कुठून, हा प्रश्न आहे.

आता मूळ गोष्ट. रस्त्याच्या टोकाला एकामागून एक उंच इमारती उठताहेत आणि त्यांची वाळू, चुना, खडी, डबर वाहणारे ट्रक वर्षभर आमच्या दारावरून चालले आहेत. सकाळी पहिला गेला की चहावर साय धरावी तशी धूळ धरते. तुझ्या दाजींना कामाला उजेड लागतो, म्हणून त्यांचं टेबल थेट खिडकीशी. म्हणजे नाक रस्त्यावर आणि डोळा घड्याळात. रस्त्यापलीकडे नातीची शाळा. तिच्या वर्गात बाईंच्या टेबलाशेजारी एक फळी लावली आहे, तिच्यावर खुंट्या आणि प्रत्येक खुंटीला एकेका मुलाचा श्वासाचा पंप टांगलेला. आपल्या वेळी वर्गात टोप्या टांगत असत. खुंट्या आधी चार होत्या, आता अकरा आहेत. सगळ्यांनी अर्ज केले, ट्रक बाहेरच्या रस्त्याने वळवा म्हणून. वरून उत्तर आलं की धूळ आहे हे तुम्ही म्हणता, मोजून दाखवा.

मोजायचं काम आमच्या सुनेकडे आलं. गावात वीस ठिकाणी वीस यंत्रं लावायची, महिनाभर चालू ठेवायची आणि त्यांचे आकडे बघून ट्रकचं ठरवायचं. विसावं यंत्र तिने आमच्या दुकानाच्या खिडकीबाहेर लावलं. करड्या रंगाची पेटी, पावाच्या लादीएवढी, खाली एक भोक, आणि दिवसभर मांजरासारखी घुरघुर. आकडे आपोआप तिच्या कचेरीत जातात म्हणे, तारही लागत नाही. मला तर त्या पेटीचा फारच आदर वाटला. घरात इतकं काम करूनही बडबड न करणारं पहिलंच कोणी आलं.

सुनेने मला नीट समजावून सांगितलं, आणि मी अडाणी आहे म्हणून सोपं करून नाही, बरोबरीच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. म्हणाली, आई, डोळ्यांना दिसते ती धूळ त्यातल्या त्यात सज्जन. ती नाकात अडकते, शिंकेबरोबर निघून जाते. खरी लबाड ती बारीक. एका केसाच्या जाडीत तीस कण ओळीने बसतील इतकी बारीक. ती नाकाला जुमानत नाही, घशाला जुमानत नाही, सरळ फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते, आणि काही तर तिथूनही पुढे रक्तात उतरते, हृदयापर्यंत पोचते. लहान पोरांची फुप्फुसं वाढायची तेवढी वाढत नाहीत आणि म्हाताऱ्यांची होती तेवढी राहत नाहीत. मी म्हटलं, म्हणजे भाडं न देता राहणारे भाडेकरू. ती म्हणाली, आणि भिंती पाडणारे. तुला सांगते, पोरीला उत्तर सुचतं. (हे खरं आहे. एका केसात तीस, यावर माझा विश्वास बसला नव्हता. माझ्याकडचा सगळ्यात लहान स्क्रू त्यापुढे डोंगर ठरतो.)

जाताना तिने मला तीन गोष्टी बजावल्या. यंत्र हलवायचं नाही, बंद करायचं नाही, त्याला पाणी लागू द्यायचं नाही. मी तिन्ही पाळल्या. शपथेवर सांगते, तिन्ही. चौथी गोष्ट मी आपल्या मनाने केली.

तू आमचं घर पाहिलं आहेस. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी यांनी मला घरचा कायदा सांगितला. उघडं राहिलं ते गेलं. धुळीचा एक कण आणि घड्याळ ठार. तेव्हापासून या घरात एकही वस्तू उघडी नाही. टीव्हीला अभ्रा, पंख्याला उन्हाळा सोडून अभ्रा, फोनला अभ्रा, शिलाई मशीनला अभ्रा आणि त्या अभ्र्याला वरून एक साधा अभ्रा. दुकानातलं एकूण एक घड्याळ काचेच्या झाकणाखाली. मग सुनेचं नवंकोरं सरकारी यंत्र मी त्या धुळीत उघडं ठेवीन? धूळ मोजणाऱ्यालाच धूळ लागली तर बिचारं मोजणार कसं? मी पांढरी चादर फाडली आणि त्याला झबलं शिवलं. गळ्याला घट्ट, खाली झालर. झबल्याला झालर लागतेच. (खालून वाऱ्याने उडत होतं म्हणून इलॅस्टिक घालावं, असं मी सुचवलं. ही माझी चूक मी कबूल करतो.) बघ, चाळीस वर्षांत यांनी कबूल केलेली ही दुसरी चूक. पहिली कोणती ते तुला भेटल्यावर सांगेन.

दर रविवारी घरातले सगळे अभ्रे निघतात तसं यंत्राचंही झबलं निघायचं, त्याच चादरीतून शिवलेलं दुसरं चढायचं. निघालेलं झबलं मात्र घरच्या कपड्यांत भिजवायला मन होईना. सरकारी वस्तूचा कपडा, तो आपल्या उशांच्या खोळींबरोबर कसा धुवायचा? महिना झाला की चारही एकदम वेगळ्या बादलीत उकळू, म्हणून मी एका पिशवीत साठवत गेले. हे लक्षात ठेव. नाही राहणार तुझ्या, पण प्रयत्न कर.

आता तू विचारशील, सुनेला महिनाभर ते दिसलं कसं नाही? तर बाकीची एकोणीस यंत्रं गावभर पसरलेली. ती पहाटे मागच्या दाराने सायकल काढायची आणि एकेक यंत्र तपासत दिवस मावळायला परत यायची. आमच्या यंत्राकडे एकदाही फिरकली नाही. म्हणाली, ते काय घरचंच आहे, आई आहेत, बाबा आहेत, त्याला काय होणार? घरच्यांवर एवढा भरवसा ठेवणारी सून नशिबाने मिळते आणि त्याची फळं नशिबानेच भोगावी लागतात.

महिना संपला. एका सकाळी सुनेचे साहेब स्वतः दुकानात आले, हातात चौकट केलेला कागद. वीस जागांमध्ये सगळ्यात स्वच्छ हवा कोणाची, तर आमच्या खिडकीची! बागेपेक्षा स्वच्छ. तळ्याकाठापेक्षाही स्वच्छ. साहेबांनी यांच्याशी हात मिळवला, मी त्यांना चहा दिला, त्या कागदाचा मला इतका अभिमान वाटला की संध्याकाळच्या आत त्यालाही अभ्रा शिवून झाला. जाता जाता साहेब म्हणाले, आजोबा, आता ट्रकची तक्रार निकालात निघाली, शुक्रवारी गावच्या सभेत जाहीर करतो. इतकी स्वच्छ हवा आहे तर दुसऱ्या रस्त्याचे ट्रकही इकडून सोडता येतील. हे आभार मानायला उठले आणि त्यांना घसा साफ करायची अशी उबळ आली की साहेब पाणी आणायला धावले. (एका घोटात थांबली.) तीन पेले लागले.

संध्याकाळी सून आली. आकडे तिला पटतच नव्हते. सायकल तशीच टाकून ती पुढच्या बाजूला दुकानाच्या खिडकीशी गेली. मी वरून वाकून बघत होते. ती यंत्रासमोर उभी राहिली, आणि उभीच राहिली. मग तिने झालरीला हळूच बोट लावलं. मला वाटलं, आता ही म्हणेल किती सुबक शिवलंय. ती वर आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, आई, ते श्वास घेतं.

एवढंच. आदळआपट नाही, तुम्हाला कोणी सांगितलं होतं, असा सवाल नाही, कपाळावर हात नाही. मग सावकाश सांगितलं. खालच्या भोकातून यंत्र हवा आत ओढतं आणि ती मोजतं. मी महिनाभर त्याच्या नाकावर चादर बांधली होती. आणि त्या गुदमरलेल्या पोराच्या साक्षीवर अकरा पंपांच्या शाळेसमोरून दुप्पट ट्रक जाणार होते. तुझ्या दाजींच्या नाकासमोरूनही. मला तर जमीन दुभंगली तर बरं असं झालं. मी म्हटलं, पोरी, तुझी नोकरी? ती म्हणाली, बघू. आधी खरं सांगू, मग नोकरीचं बघू. आणि उठून चहा करायला गेली. माझ्यासाठी. साखर बरोबर घालून.

शुक्रवारच्या सभेला आम्ही तिघे गेलो. माझ्या काखेत झबल्यांची पिशवी. सभागृह वरच्या मजल्यावर, बावीस पायऱ्या, त्यात दोनदा कर्रकर्र झाली. साहेबांनी आकडे वाचले. टाळ्या पडायच्या आत सून उभी राहिली आणि म्हणाली, विसाव्या यंत्राचे आकडे चुकीचे आहेत. यंत्र श्वास घेतं हे मी घरात सांगितलं नाही, रोज तपासलं नाही. चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही. अगं, माझं नावसुद्धा घेतलं नाही तिने! दोनशे माणसं, समोर साहेब, आणि ही काडीएवढी पोर. मला आयुष्यात कधी लिहितावाचता येत नसल्याचं वाईट वाटलं नाही, पण तिला मोजतामापता येतं याचा तेव्हा असा काही गर्व झाला की मी न विचारता उठलेच.

मी म्हटलं, साहेब, सुनेचं ऐकू नका, ती माझ्यावर पांघरूण घालते आहे आणि पांघरूण घालण्याचा काय परिणाम होतो ते आत्ताच कळलं. झबलं मी शिवलं. तुमचं यंत्र खोटं बोललं नाही. झबल्याच्या आतली हवा खरोखरच स्वच्छ होती. आता सगळ्या रस्त्याला झबलं शिवायचं असेल तर कापड द्या, मशीन माझ्याकडे आहे. लोक हसले. साहेब नाही हसले. मग मी पिशवी उघडून चारही झबली टेबलावर अंथरली.

सगळे पुढे सरकले. कापड वरून मळकं करडं झालेलं, ते होणारच. पण प्रत्येक झबल्यावर एका जागी, यंत्राच्या भोकासमोर, रुपयाएवढा गोल. काळाकुट्ट. जणू मोहोर उठवली आहे. सून म्हणाली, या गोलातून यंत्राने श्वास घेतला. जे कापडाने अडवलं ते इथे आहे. आपल्याला कापड नाही, आपलं सगळं आत जातं.

तेव्हा तुझे दाजी उठले. खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं, झबलं हातात घेतलं आणि त्या काळ्या गोलात पाहत राहिले. दोन मिनिटं तरी पाहिलं. (चार.) मग भिंग काढून ते साहेबांना म्हणाले, एवढी धूळ मी चाळीस वर्षांत कोणाच्या घड्याळात जाऊ दिली नाही. आणि खाली बसले. बसल्यावर त्यांचा हात छातीवर होता. (तिथे वरचा खिसा आहे.) असेल.

साहेबही माणूस मोठ्या मनाचा निघाला, हे सांगायला हवं. त्यांनी भिंग मागून घेतलं, स्वतः पाहिलं, आणि जाहीर केलेला आकडा सगळ्यांसमोर मागे घेतला. शाळा भरायच्या नि सुटायच्या वेळी ट्रक दुसऱ्याच दिवसापासून बंद. यंत्र पुन्हा लावायचं, उघडं, दोन महिने, आणि मग बाहेरच्या रस्त्याचा शेवटचा निकाल. सुनेची नोकरी शाबूत, वर रोज सही करून आमचंही यंत्र तपासायचं, अशी शिक्षा. चारही झबली मोठ्या प्रयोगशाळेत वजनाला गेली. माझी शिलाई इतक्या दूर कधी गेली नव्हती, निदान धुऊन तरी पाठवायची होती असं मला वाटतं, पण सून म्हणते धुतली असती तर सगळंच संपलं असतं. म्हणजे बघ, आयुष्यात एकदाच कपडे धुवायचा आळस केला आणि तेवढाच कामी आला. चौकट केलेला कागद साहेबांनी परत मागितला. अभ्र्यासकट दिला.

घरी आल्यावर सून एकच वाक्य बोलली. म्हणाली, यंत्राला निदान झबलं होतं, बाबांना काय आहे? (मिशी आहे.) हेच उत्तर तिलाही दिलं. मग ती तोंडाला लावायची मुखपट्टी घेऊन आली, ती यांनी दोन दिवस लावली आणि तिसऱ्या दिवशी तिच्यात घड्याळाचे काटे ठेवले. (भिंगावर वाफ धरते. काम करता येत नाही.) असो. आमचं हे असं चाललं आहे. काळजीचं काही नाही. तुझे दाजी ठणठणीत आहेत, घसा लवकरच साफ होईल. मधवाल्यांना नमस्कार, मधमाश्यांना लांबूनच. आता पत्र लिहिशील तेव्हा पाकिटात घाल.

तुझी,
थोरली

(वरील मजकूर सांगितल्याप्रमाणे, शब्दही न बदलता लिहिला. घड्याळाबद्दल कळवावे. तुझे दाजी.)

ता. क. अक्षर बदललं, हे तुला दिसलं असेल. आता सून लिहिते आहे. यांना मी तिकीट आणायला खाली पाठवलं. तिकीट घरात होतं, ते मी माझ्या अभ्र्यांच्या पेटीत लपवलं. पूर्वी हे खाली जाऊन वर यायचे तेवढ्यात ता. क. ची एक ओळ झाली असती. आता दोन पानं होतील, म्हणून सावकाश सांगते.

वर जे ठणठणीत वगैरे लिहिलं ते विसर. तुला जमेलच. सभेनंतर सून त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तिथे एका नळीत जोर लावून फुंकायचं असतं, फुंकलं की काटा वर सरकतो. यांनी तीनदा फुंकलं. काटा जेमतेम हलला. हे बाईंना म्हणाले, तुमच्या यंत्राला तेलपाणी लागतंय. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, जे गेलं ते परत यायचं नाही, पण श्वासनळ्यांची सूज अजून उतरू शकते. औषध नियमाने आणि दोन महिने तरी या धुळीपासून लांब, चांगल्या हवेत. नाहीतर पुढच्या वर्षी तिसरा मजला यांना दिसेल तो खालूनच. यांनी सांगितलं, दुकानात अठरा घड्याळं दुरुस्तीला पडली आहेत. आणि भिंगातून तो काळा गोल पाहिल्यापासून हे आतून घाबरले आहेत, हे मला माहीत आहे. चाळीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या घड्याळात कण जाऊ दिला नाही, त्यांनी स्वतःचं झाकण मात्र उघडंच ठेवलं. इतका चोख माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका वेंधळाही. हे त्यांच्या हाताने लिहून घेता आलं नसतं, म्हणून सुनेच्या हाताने लिहिते.

तुझ्या डोंगरावर स्वतःच्या तब्येतीसाठी ते जन्मात येणार नाहीत. पण बंद पडलेल्या घड्याळासाठी ते सातासमुद्रापार जातील. तेव्हा धाकटे, तुझं ते मोठं घड्याळ बंद पाड. नुसता लंबक धरून थांबवू नकोस, ते दारातूनच ओळखतील. दोन महिने पुरेल असं आजारी पाड. मी या पाकिटात आमच्या रस्त्याच्या धुळीची एक पुडी घालत होते, तुझ्याकडे धूळ कुठली मिळायला! (आई, बाबा ही धूळ भिंगाखाली ओळखतील. त्यांनी पाहिली आहे. सून.) खरंच की. पुडी रद्द. तू पीठ टाक, चिमूटभर, मोठ्या चाकापाशी. (टाकताना नाकाला रुमाल बांधा, मावशी. सून.) शिवाय चावी हरवली म्हण. तुझ्या बाबतीत यावर कोणाचाही विश्वास बसेल. ते नवी चावी कानशीने घासून करतील, त्यात पंधरा दिवस जातील. ती झाली की मिनिटकाटा हरव.

तुझं उत्तर मला हेच वाचून दाखवतील, म्हणून त्यात यातलं अक्षरही नको. फक्त घड्याळ बंद आहे आणि तिकडचा कारागीर म्हणाला की हे आता भंगारात टाका, एवढं लिही. भंगार शब्द वाचला की त्याच दिवशी निघतील. आणि तुझ्या नेहमीच्या सवयीने कोरं पाकीट पाठवू नकोस. एवढ्या जन्मात एकच गोष्ट लक्षात ठेव, धाकटे. ही.

ता. क. दुसरा. शिंपिणीच्या दाराशी कर्रकर्र ऐकू आली. म्हणजे एक जिना उरला. थोडक्यात सांगते. दोन महिन्यांनी परत पाठवशील तेव्हा त्यांच्याबरोबर मध पाठव. बाटल्या नकोत. मधवाल्यांचा तो मोठा पत्र्याचा कडीवाला डबा दे, आणि मध घट्ट दे, घट्ट मध जड असतो. डबा त्यांनाच उचलू दे. स्टेशनवरून मी कोणाला मदतीला पाठवणार नाही. मी वर दार उघडून उभी राहीन. तिन्ही जिन्यांत एकदाही चावीचा आवाज आला नाही, तर मध चांगला निघाला असं समजेन. डबा काठोकाठ भर.